धान्यातले सोंडे: दाण्याच्या आत काय चालतं आणि पावसाळ्याआधी काय करावं

श्रावणात गव्हाची कोठी उघडली की वरच्या थरात तपकिरी किडे फिरताना दिसतात आणि पावसाळी हवेने कीड लागली असं घरात ठरून जातं. ही कीड बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये धान्याबरोबरच घरात आलेली असते. कधी मळणीनंतरच्या ढिगातून, कधी व्यापाऱ्याच्या जुन्या पोत्यातून, कधी आपल्याच कोठीच्या तळाशी राहिलेल्या गेल्या वर्षीच्या मूठभर दाण्यांतून. पावसाळ्याने तिला फक्त ओल पुरवलेली असते.

म्हणून दिसणारे किडे चाळून टाकले की काम झालं, असं होत नाही. दिसणारे किडे हा कुटुंबाचा छोटा भाग असतो. अंडी, अळ्या आणि कोष दाण्याच्या आत असतात. कोणताही उपाय करण्याआधी त्याला एक प्रश्न विचारावा: हा दाण्याच्या आतल्या अळीपर्यंत पोचतो का? पोचत नसेल, तर निदान नवी अंडी घालणं तरी थांबवतो का? पुढची सगळी माहिती या दोन प्रश्नांना धरून आहे.

सोंड्याचं आयुष्य

सोंडा साधारण अडीच ते चार मिलिमीटर लांब, गडद तपकिरी असतो. डोकं पुढे बारीक सोंडेसारखं निमुळतं होतं आणि त्या टोकाला जबडा असतो. भिंगातून पाहिलं तर पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके दिसतात. बोट लावलं की पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो. त्यामुळे चाळल्याबरोबर 'सगळे मेले' असं समजू नये. पाचदहा मिनिटं थांबलं की ते परत चालू लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी, मका यांत तो वाढतो. त्याला उडताही येतं, त्यामुळे गोदामातून शेजारच्या घरात किंवा पिकलेल्या कणसांवर जायला त्याला पोत्याची गरज लागत नाही.

मादी दाण्याला बारीक खड्डा पाडते, त्यात एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने तोंड बुजवते. बुजवलेली जागा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. असा दाणा हातात घेऊन उलटसुलट पाहिला तरी तो निरोगीच वाटतो. अशी १५० ते ४०० अंडी एक मादी आयुष्यभरात घालते. अळी पांढरी, गुबगुबीत, बिनपायाची असते. ती बाहेर येतच नाही. आतला गर खात वाढते, तिथेच कोष करते आणि पूर्ण वाढलेला सोंडा दाणा कुरतडून बाहेर पडतो. २७ ते ३० अंश तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा मिळाला की हे सगळं चार-पाच आठवड्यांत उरकतं. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे हवा अगदी अशीच असते. बाहेर आलेला सोंडा पुढे चार-पाच महिने जगतो, खातो आणि अंडी घालत राहतो, त्यामुळे एकाच कोठीत आजी, आई आणि नात एकाच वेळी अंडी घालत असतात.

त्याच्या मर्यादा नीट माहीत असाव्यात, कारण आपले उपाय तिथेच बसतात. दाण्यातला ओलावा ९-१० टक्क्यांच्या खाली गेला की त्याची वीण जवळपास थांबते. तापमान १५ अंशांखाली असलं की वाढ खुंटते. ५० अंशांच्या वर तो फार काळ टिकत नाही, आणि हवेतला प्राणवायू संपला की मरतो.

बाकीचे पाहुणे

दाणे पोखरणारा भुंगेरा सोंड्यापेक्षा बारीक, नळकांडीसारखा असतो आणि त्याचं डोकं खाली दडलेलं असतं. गव्हात हात घातल्यावर बोटांना भरपूर पीठ लागलं तर बहुधा हाच. सोंडा जितक्या कोरड्या धान्यात हार मानतो त्याहून कोरड्या धान्यातही हा तग धरतो, म्हणून नुसत्या वाळवणीवर विसंबता येत नाही.

कडधान्यांतला भुंगा वेगळा. तूर, मूग, चवळी, वाल, मटकी, हरभरा यांच्या दाण्यांवर तो अंडी बाहेरून चिकटवतो, आणि ती डोळ्यांना दिसतात. अंडं ताजं असताना अर्धपारदर्शक, चकचकीत असतं. अळी तळाशी भोक पाडून थेट दाण्यात शिरली की टरफलात भुसा भरतो आणि ठिपका पांढरा, अपारदर्शक होतो. म्हणजे मुगावर दुधी पांढरे ठिपके दिसले तर अळ्या आत गेलेल्या आहेत, आता बाहेरून काही चोळून त्या मरणार नाहीत. बाहेर येण्याआधी अळी सालीखाली गोल खिडकी तयार करून ठेवते, आणि भुंगा ती ढकलून निघतो. म्हणून कडधान्याचं भोक गोल, स्वच्छ असतं, तर सोंड्याने पाडलेलं भोक ओबडधोबड. हा भुंगा साठवणीत काही खात नाही, एक-दोन आठवडेच जगतो, पण तेवढ्यात मादी ८०-१०० अंडी घालून जाते. याची सुरुवात पुष्कळदा शेतात, वाळत आलेल्या शेंगांवरच होते.

तांबडा भुंगेरा अख्ख्या दाण्याला सहसा शिवत नाही. पीठ, रवा, कणी आणि आधीच फुटलेले दाणे हे त्याचं अन्न. पिठाला उग्र वास येऊन ते किंचित गुलाबी दिसू लागलं तर ते त्याच्या अंगातल्या द्रव्यामुळे. असं पीठ चाळून वापरू नये, टाकावं. रव्यात, तूरडाळीत, शेंगदाण्यांत जाळी आणि गोळे दिसले तर पतंगाची अळी आहे. खापरा भुंगेऱ्याची केसाळ अळी भिंतीच्या आणि पोत्याच्या फटींत काही न खाता वर्षानुवर्षं पडून राहू शकते, म्हणून गोदामं तिला सर्वांत जास्त घाबरतात. अमेरिकेला जाताना प्रवासी सामानातून तांदूळ आणि हरभरे नेण्यावर बंदी आहे, तिच्यामागे हाच कीटक आहे. पोराबाळांकडे जाणाऱ्यांनी बॅग भरण्याआधी हे लक्षात घ्यावं.

धान्य घेताना तपासणी

पोत्याच्या तोंडातलं धान्य बघून ठरवू नये. बांबी (पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार नळी) घालून पोत्याच्या मध्यातून आणि तळातून नमुना काढायला सांगावा. मूठभर दाणे चाळणीत हलवून खाली पडलेला भुसा पांढऱ्या कागदावर घ्यावा आणि पाच मिनिटं पाहावा. मग १०० दाणे मोजून पाण्यात टाकावेत. पोखरलेले दाणे तरंगतात. काही दाणे नुसते पोचट असतात म्हणून तरंगतात, तेव्हा तरंगलेले फोडून बघावेत. आत अळी किंवा भुसा असेल तर लगेच कळतं.

वर्षाचा गहू घ्यायचा असेल तर आणखी एक चाचणी फार उपयोगी आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. वाटीभर गहू काचेच्या बरणीत घालून तोंडाला घट्ट विणीचं फडकं बांधावं आणि बरणी स्वयंपाकघरात उबदार जागी पाच आठवडे ठेवावी. आत अंडी असतील तर तेवढ्यात सोंडे बाहेर दिसतात. बाकीचा गहू कोठीत गेलेला असला तरी पावसाळा पुरता लागायच्या आत इशारा मिळतो.

ओलावा तपासायला दाताखाली दाणा फोडण्याची रीत चांगली आहे: कट्कन तुटला तर कोरडा, चेपला तर ओला. त्याहून भरवशाची पद्धत मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ आणि बाटलीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं धान्य घालून मिनिटभर हलवावं आणि पंधरा मिनिटं ठेवावं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, असं धान्य साठवायचंच नाही. मीठ चिकटलं नाही म्हणजे धान्य साठवणीला तयार झालं असं मात्र नाही. गहू-ज्वारी १२ टक्क्यांच्या खाली आणि कडधान्य ९-१० टक्क्यांवर आणावं लागतं.

ऊन कसं द्यावं

गच्चीवर चादर पसरून धान्याला ऊन दाखवण्याची आपली जुनी रीत वाळवणीसाठी उत्तम आहे. कीड मारण्यासाठी मात्र ती बऱ्याचदा अपुरी पडते. ऊन लागलं की चालते-फिरते सोंडे कडेने निघून सावलीत जातात आणि संध्याकाळी परत येतात. उघड्या धान्याचा वरचा थर तापतो, खालचा कोमटच राहतो, आणि दाण्याच्या आतली अळी वाचते.

म्हणून ऊन दोन टप्प्यांत द्यावं. आधी दोन-तीन दिवस उघडं, पातळ थर, दर तासाने हात फिरवत, हे वाळवण. मग एक दिवस झाकून, ही मारणी. मारणीसाठी खाली जाड गोणपाट, जुनी गोधडी किंवा कडबा घालावा, नाहीतर फरशी उष्णता ओढून घेते. त्यावर काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर धान्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर, आणि वरून पारदर्शक प्लास्टिक. चारही कडा दुमडून विटांनी दाबाव्यात, फट राहू देऊ नये. निरभ्र एप्रिल-मेमध्ये दुपारी साडेअकरा ते साडेतीनपर्यंत ठेवलं तर आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास जातं. ५७ अंशांवर तासभर राहिलं की कडधान्यातल्या भुंग्याच्या सगळ्या अवस्था, दाण्याच्या आतल्यासुद्धा, मरतात. घरी तापमापक असेल तर त्याचं टोक धान्याच्या थराच्या मध्यात आणि कडेला, दोन्ही ठिकाणी खुपसून बघावं. कडेचा भाग नेहमी थंड राहतो आणि कीड तिथूनच वाचते.

यात तीन गोष्टी बिघडतात. ओलं धान्य झाकलं तर प्लास्टिकला आतून घाम सुटतो, धान्य वाफवल्यासारखं होतं आणि उगवण जाते. म्हणून आधी वाळवण, मग झाकण. थर जाड झाला तर मधला भाग तापत नाही. आणि तिसरी चूक सगळ्यांत जास्त होते: तापलेलं धान्य लगेच कोठीत भरणं. गरम दाण्यांतून निघालेली वाफ थंड पत्र्यावर जमते, वरचा थर ओला होतो आणि महिनाभरात तिथे बुरशी धरते. धान्य संध्याकाळी सावलीत घ्यावं, स्वच्छ कापडाने झाकावं आणि सकाळी पूर्ण गार झाल्यावर भरावं. रात्रभर उघडं ठेवलं तर आजूबाजूचे भुंगे येऊन अंडी घालतात, आणि दिवसभराची मेहनत वाया जाते.

तांदळाला हे ऊन देऊ नये, दाणा तडकून कणी होते. तांदळाचं पुढे बघू. बियाण्यालाही झाकून ऊन देणं एकदाच, पूर्ण वाळल्यावर.

हवाबंद करणं

निर्जंतुक केलेलं धान्य उघड्या पोत्यात ठेवलं तर जूनमध्ये दमट हवेतला ओलावा ते परत शोषून घेतं. कोकणात तर दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. म्हणून मृगाच्या आत भरून, बंद करून मोकळं व्हावं.

हवाबंद साठवणीत कीड स्वतःच्याच श्वासाने मरते. आत उरलेला प्राणवायू ती वापरून टाकते, कार्बन डायऑक्साइड साठतो, खाणं थांबतं आणि अंडी घालणंही थांबतं. अन्नातून तिला शरीरासाठी जे पाणी तयार करता येतं ते प्राणवायूशिवाय तयार होत नाही, त्यामुळे ती शेवटी सुकून मरते. हा उपाय दाण्याच्या आत पोचतो, आणि त्यात विष नाही. घरगुती साठवणीचा एकच उपाय निवडायचा असेल तर हा निवडावा.

तीन थरांच्या साठवण पिशव्या बाजारात मिळतात. आत पॉलिथिनच्या दोन जाड पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. अमेरिकेच्या परड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात कॅमेरूनमधल्या चवळी पिकवणाऱ्यांसाठी ही रीत बसवली. पिशवी भरण्याआधी फुगवून, तोंड पिळून दाबून बघावी. फुस् आवाज आला तर भोक आहे. थोडं थोडं धान्य घालून हलवत भरावी म्हणजे कोपऱ्यांत हवा राहत नाही. मग सर्वांत आतल्या पिशवीचं तोंड हवा दाबून काढत घट्ट पिळावं, पिळा मुडपून दोरीने बांधावा, नंतर मधली, शेवटी बाहेरची. तिन्ही एकत्र एकाच गाठीत बांधू नयेत. हवा तिथूनच शिरते.

पिशव्या नसतील तर रबरी कडं आणि पट्टीचं झाकण असलेला प्लास्टिकचा पिंप चालतो. २०० लिटरच्या पिंपात सुमारे दीड क्विंटल गहू बसतो. पिंप काठोकाठ भरायचा. अर्ध्या भरलेल्या पिंपात इतकी हवा असते की सोंडे महिनोन्महिने मजेत जगतात. हवाबंद साठवण फसली म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पिंप अर्धा असतो. किलो-दोन किलो वाल किंवा मटकीच्या बियाण्याला पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या कोरड्या बाटल्या झकास: तोंडापर्यंत भराव्यात, आपटून परत भराव्यात, झाकण घट्ट लावावं.

एकदा बंद केल्यावर निदान दोन महिने उघडू नये. दर उघडण्याबरोबर आत ताजा प्राणवायू जातो. वर्षाचा गहू एका मोठ्या कोठीत ठेवून दर आठवड्याला काढण्यापेक्षा महिन्याच्या खपाएवढे छोटे डबे करावेत आणि एकेक उघडावा. उंदीर पिशवी कुरतडतात, तेव्हा पिशव्या पत्र्याच्या कोठीत किंवा जाळीमागे ठेवाव्यात.

सोलापूर-मराठवाड्याकडची ज्वारीची पेवं याच तत्त्वावर चालायची. घट्ट, कोरड्या जमिनीत खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, वर मातीने लिंपलेलं तोंड. ज्वारी आणि किडे यांच्या श्वासाने आत इतका कार्बन डायऑक्साइड साठायचा की पेव उघडल्यावर लगेच उतरणारे गुदमरून मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कुठे पेव किंवा खोल बंद कोठी अजून वापरात असेल तर तोंड उघडून पुरेसा वेळ हवा खेळू द्यावी. कंदील खाली सोडून तो विझतो का हे पाहण्याची रीत होती, पण कंदील पेटता राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये. दोरी बांधून आणि वर माणूस ठेवूनच उतरावं.

तांदूळ आणि भात

कोकणात भात कणगीत ठेवून लागेल तसं कांडून घेण्याची पद्धत होती, ती किडीच्या दृष्टीने अतिशय शहाणी होती. तूस शाबूत असेल तर सोंड्याला आत शिरता येत नाही. तूस चिरलेल्या दाण्यांत तो शिरतो आणि पतंग व दाणे पोखरणारा भुंगेरा भातालाही लागतात, पण नुकसान तांदळाच्या मानाने फार कमी. शेतावर भात पिकतं त्यांनी एकदम भरडून ठेवू नये, दोन महिन्यांचंच भरडावं.

विकतच्या तांदळाला शहरात सोपा उपाय म्हणजे गोठवणी. एक-दोन किलोच्या बंद पिशव्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तेवढी थंडी भरवशाने मिळत नाही, तिथे आठवडाभर तरी ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. गार पिशवी लगेच उघडली तर दमट हवेचं पाणी तांदळावर जमतं. रव्याला मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून बरणीत भरण्याची आपली रीत हेच काम उष्णतेने करते. तिने अंडी मरतात आणि ओलावाही जातो.

कडधान्यांना तेल आणि राख

भुंग्याची अंडी बाहेर चिकटलेली असल्यामुळे तेल इथे खरं काम करतं. तेलाचा पातळ थर अंड्याचा श्वास कोंडतो, आणि निसरड्या दाण्यावर मादीला अंडी नीट चिकटवता येत नाहीत. किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचा. १० किलोला ५० मिलिलिटर. एरंडेल सर्वांत चांगलं, ते लवकर खवट होत नाही. शेंगदाण्याचं तेलही चालतं. परातीत दोन-दोन किलो घेऊन दोन्ही हातांनी चोळत राहावं. प्रत्येक दाण्याला चमक आली पाहिजे, एवढ्याशा तेलात ती यायला वेळ लागतो. भसकन जास्त तेल ओतून काम लवकर उरकलं तर दाणे चिकट होतात आणि बियाण्याची उगवण घटते. करंज किंवा कडुनिंबाचं तेल फक्त पेरणीच्या बियाण्याला, खाण्याच्या धान्याला कडू वास राहतो.

तेलाने आत शिरलेली अळी मरत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी झाकून ऊन, मग गार, मग तेल. गव्हाला एरंडेल चोळतात त्याचाही थोडा उपयोग होतो, पण सोंड्याचं अंडं दाण्याच्या आत असल्यामुळे मुगा-चवळीइतका नाही.

राखेबद्दल गैरसमज फार आहे. ओंजळभर राख मिसळून काही होत नाही. राखेचं काम दाण्यांमधल्या पोकळ्या पूर्ण भरून टाकणं हे आहे, म्हणजे भुंग्यांना फिरता येत नाही, जोडीदार सापडत नाही, बाहेर पडायला वाट मिळत नाही. त्यासाठी चार मापं कडधान्याला निदान तीन मापं राख लागते. राख चाळलेली, पूर्ण गार आणि कोरडी हवी. मडक्यात थरथर घालून दाबत जावं, वर तीन सेंटिमीटर नुसत्या राखेचा थर द्यावा. बियाण्याच्या चवळी-वालाला ही रीत आजही उत्तम आहे.

डाळ केलेल्या तुरीला हा भुंगा फारसा लागत नाही, सालीशिवायच्या फुटक्या दाण्यावर त्याची वाढ नीट होत नाही. घरच्या खपाची तूर असेल तर पावसाळ्याआधी डाळ करून घ्यावी. मग लक्ष फक्त पतंगाच्या जाळीकडे ठेवावं लागतं.

पाला, लवंगा, बोरिक, गोळ्या

कडुनिंबाचा पाला, तमालपत्र, लवंग, सुक्या मिरच्या यांच्या वासाने किडे थोडे दूर राहतात. निर्जंतुक धान्यावर जादा राखण म्हणून ते ठीक, पण आतल्या अळीला काही होत नाही. पाला सावलीत कडक वाळलेला हवा. अर्धवट ओला पाला कोठीत ओल आणि बुरशी घेऊन जातो, आणि ते किडीपेक्षा वाईट.

बोरिक पावडर धान्याला चोळू नये. धुतलं तरी ती पूर्ण जाईलच असं नाही, गहू तर बहुधा धुतलाही जात नाही, आणि लहान मुलांना ती थोड्या प्रमाणातही बाधते. पाऱ्याच्या गोळ्या कोठीत ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. पारा हे विष आहे, त्याला अन्नाच्या डब्यात जागा नाही.

सल्फासच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही, कोणत्याही कारणाने वापरू नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, वरच्या मजल्यावरून, शेजारच्या खोलीत जातो, झोपलेली माणसं उठत नाहीत. त्याच्यावर उतारा नाही. सरकारी नियमाने हे औषध प्रशिक्षित, परवानाधारक धूरी देणाऱ्यांसाठीच आहे. लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला आणि डोकं दुखून मळमळू लागलं तर सगळ्यांनी लगेच उघड्यावर यावं आणि थेट रुग्णालय गाठावं.

गोदामवाल्यांसाठी धूरीबद्दल, म्हणजे ताडपत्रीखाली विषारी वायू कोंडून कीड मारण्याबद्दल, एवढंच: ती फसते ते बहुधा गळक्या ताडपत्रीमुळे आणि घाईमुळे. अंडी आणि कोष वायूला जास्त दाद देत नाहीत, म्हणून झाकण निदान सात दिवस घट्ट राहावं लागतं. अर्धवट धूरीने काटक किडे तेवढे मागे उरतात आणि पुढच्या पिढ्या औषधाला जुमानत नाहीत. दाणे पोखरणारा भुंगेरा आणि तांबडा भुंगेरा यांत भारतात ही प्रतिकारशक्ती आढळलेली आहे. भिंती आणि रिकाम्या जागेवर फवारायला डेल्टामेथ्रिन (कीटकनाशक) २.५ टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी, लिटरला ४० ग्रॅम, १०० चौरस मीटरला तीन लिटर द्रावण, तीन महिन्यांतून एकदा. धान्यावर थेट फवारायचं नाही. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून, उलटी-सुलटी वाळवून मगच वापरावीत. शिवणीत अळ्या बसलेल्या असतात.

कीड लागलीच तर

डबा आधी स्वयंपाकघरातून बाहेर काढावा. उघड्यावर चाळताना खाली साबणाच्या पाण्याची परात ठेवावी आणि चाळण थेट तिच्यात पडू द्यावं. चाळण अंगणाच्या कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर किडे संध्याकाळपर्यंत परत घरात येतात. मग त्याच दिवशी दाण्याच्या आतल्यांची सोय करावी: ऊन असेल तर झाकून ऊन, पावसाळी झड असेल तर गोठवणी किंवा काठोकाठ भरलेला हवाबंद डबा. नुसतं चाळून ठेवलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत नवे किडे बाहेर येतात आणि डब्यात कीड 'परत लागली' असं वाटतं.

रिकामा डबा गरम पाण्याने धुऊन कोरडा करावा. झाकणाचे आटे, तळाची दुमडलेली कड, कोठीच्या सांध्याची फट इथे जुना ब्रश फिरवावा. जुनं धान्य नव्यावर कधी ओतू नये.

पुढे, हवाबंद न केलेल्या कोठीत दर पंधरवड्याला कोपरापर्यंत हात घालून बघावा. मध्ये धान्य ऊबदार लागलं तर तिथे कीड किंवा ओल आहे, कारण किड्यांच्या श्वासानेच धान्य तापतं. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने बनवलेला नळीचा सापळा यासाठी फार कामाचा आहे: दोन मिलिमीटर भोकांची नळी धान्यात उभी खुपसायची, किडे हवेच्या वाटेने भोकात शिरतात आणि तळाच्या कुपीत पडतात. आठवड्याला कुपी उघडून मोजली की डोळ्यांना काही दिसण्याच्या आधीच कळतं.

थोडे सोंडे पडलेलं धान्य चाळून, धुऊन, वाळवून खायला हरकत नाही. सोंडे विषारी नसतात. पण दाणे निम्मे पोकळ, आंबूस वास आणि हाताला पीठ लागत असेल तर त्यात किड्यांची विष्ठा फार झालेली असते. ते माणसाने खाऊ नये, कोंबड्यांना चालेल. ज्या धान्यावर हिरवट-काळी बुरशी आलीय किंवा गोळे झालेत, ते कोंबड्या-जनावरांनाही घालू नये, कारण बुरशीचं विष अंडी-दुधातून परत आपल्याकडे येतं. ते शेणखताच्या खड्ड्यात खोल पुरून वर माती लोटावी.